अनसूयामावशीचा जबाब

आमच्या घरात हळू बोलायची सोयच नव्हती. समोरच्या खोलीत दोन माग होते, एकावर बाबा बसत आणि दुसऱ्यावर काका. सकाळी चहाचा कप खाली ठेवला की दोघं खड्ड्यात पाय सोडून बसायचे, आणि त्यानंतर दिवसभर खटाखट चालू. मागच्या पडवीत माय रहाटावर सुताच्या कांड्या भरायची, त्याची घरघर वेगळी. त्यात भिंतीपलीकडच्या घरातले माग, समोरच्या ओळीतले माग, कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवरची गाणी. नागपूरच्या गोळीबार चौकामागच्या आमच्या गल्लीत पाहुणा आला की पहिले दोन दिवस त्याचं डोकं दुखायचं. आम्हाला मात्र आवाज थांबला की चुकल्यासारखं व्हायचं. बाबांना काही सांगायचं तर मागाजवळ जाऊन, त्यांचा हात थांबेल तेवढ्या वेळात, ओरडून सांगावं लागे. पुढे माझी पुस्तकं आली तेव्हा एका समीक्षकानं लिहिलं की माझ्या वाक्यांना मागाची लय आहे. वाचून मला हसू आलं. मागाशेजारी वाढलेल्या माणसाला त्यात लय नाही, फक्त आवाज ऐकू येतो. माझी वाक्यं कुठून आली ते मला पक्कं माहीत आहे, आणि ती मागावरून आलेली नाहीत.

त्या घरातून मॅट्रिक होऊन कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबांना त्याचं कौतुक होतं, मायला थोडी काळजी. सकाळी मी निघायच्या आधी ती डब्यात ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी भरायची. वर जवसाची चटणी, कागदात वेगळी बांधलेली. कॉलेजात मी तो डबा पहिले सहा महिने एकटीनं खाल्ला. डब्याची लाज वाटायची असं नाही, भाषेची वाटायची. मराठीच्या पहिल्याच तासाला सरांनी मला उभं करून काहीतरी विचारलं आणि मी म्हणाले, "मले माहीत नाही सर." वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते सभ्य गृहस्थ होते, पश्चिमेकडून नोकरीसाठी नागपूरला आलेले, धोतर-कोटातले, बोलताना प्रत्येक अक्षर स्वच्छ धुऊन ठेवल्यासारखं. ते शांतपणे म्हणाले, "मले नव्हे, मला." मी म्हटलं, "मला माहीत नाही." ते म्हणाले, "आता बसा." एवढंच. पण त्या दिवसापासून मी मनाशी ठरवलं की मराठी अशी लिहायची की या वर्गातल्या कुणालाही माझं घर कुठल्या गल्लीत आहे ते कळू नये.

ठरवलं ते मी करत असे. ते आजही आहे. मी एक दोनशेपानी वही घेतली आणि तिच्यात सुंदर शब्द उतरवू लागले. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून, मासिकांतून, सरांच्या तोंडून. निर्झरिणी, मृदुल, विषण्ण, आर्त, अवगुंठन. अर्थ नीट माहीत नसला तरी शब्द दिसायला चांगला असला की वहीत. पडवीत मायच्या रहाटाशेजारी बसून मी ते मोठ्यानं पाठ करायची आणि माय म्हणायची, "कोनता मंत्र म्हनून राहिली वं?" दुसऱ्या वर्षी माझा एक लेख कॉलेजच्या वार्षिकांकात छापून आला. संध्याकाळच्या आकाशावर होता. आमच्या गल्लीतून आकाश फारसं दिसत नसे, पण ते कोणाला ठाऊक? सरांनी तो वर्गात वाचून दाखवला आणि म्हणाले, "या मुलीला शैली आहे." मी तो अंक सगळ्या गल्लीत फिरवला.

गल्लीत ज्यांना तो ऐकवला त्यात अनसूयामावशी होती. ती आमची नात्यातली नव्हती. आमचं आणि तिचं अंगण एकच, मधे फक्त तुळस आणि धुण्याचा दगड. मूळची कुहीकडच्या एका खेड्यातली, धानाच्या शेतात वाढलेली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून बहिणीच्या आधारानं नागपुरात आली, आणि पुढे बहीणही गेली. मुलींच्या एका शाळेच्या वसतिगृहात ती आया होती. चौदा वर्षं झाली होती नोकरीला. सकाळी मुलींच्या वेण्या, पाणी, दुपारी दारावर बसणं, अंथरुणं मोजणं, कुणाला ताप आला तर उशाशी बसणं. सुटीच्या दिवशी ती मायजवळ पडवीत येऊन बसे, मदतीला म्हणून कांड्या भरी, आणि आठवडाभरातलं सगळं सांगे. तिच्यासारखं सांगणारं माणूस मी नंतर पाहिलं नाही. ती कधी 'बिचारी' म्हणायची नाही, 'काय सांगू बाई' म्हणायची नाही. आधी काय झालं, मग काय झालं, कोण काय बोललं, कोणाच्या हातात काय होतं, असं सरळ. ऐकता ऐकता मायचा रहाट थांबायचा. पण तेव्हा मला ते सांगणं वाटतच नव्हतं, नुसतं बोलणं वाटे. सांगणं म्हणजे माझ्या वहीतलं.

माझा लेख तिनं पदर सावरून, देवाचं काही ऐकावं तसा ऐकला. शेवटी म्हणाली, "बहुत हुशार झाली वं तू, कुंदा. मले एक शब्द समजला नाही."

मला ती शाबासकी वाटली.

त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या तोंडाची गोष्ट. अजून परीक्षा व्हायच्या होत्या पण ऊन तापायला लागलं होतं, गल्लीत बाया वाळवणाला लागल्या होत्या. एका दुपारी अनसूयामावशी वेळेआधी घरी आली. हातात सरकारी दिसणारा एक कागद. आमच्या उंबऱ्यावर बसली आणि कागद माझ्यापुढे धरला. "हे काय म्हनते, वाच बरं."

तो संस्थेचा कागद होता. वसतिगृहातली पुष्पा नावाची पाचवीतली मुलगी चार दिवसांपूर्वी भरदुपारी दारातून निघून गेली होती. दोन दिवस तिचा पत्ता नव्हता. तिसऱ्या दिवशी तिच्या मामानं तिला परत आणून सोडलं, म्हणजे पोर सुखरूप होती, पण ते दोन दिवस सगळ्यांचं रक्त आटलं होतं. दारावर नेमणूक अनसूयाबाईंची होती. त्यांनी दार सोडलं, म्हणून कामावरून का काढू नये याचा लेखी खुलासा आठ दिवसांत द्यावा आणि चौकशी समितीपुढे हजर राहावं, असं कागदात होतं.

मायनं रहाट सोडला. "तू दार सोडलं काय वं?"

"मी कायले सोडतो? मले बाईनं बोलावलं." बाई म्हणजे वसतिगृहाच्या अधीक्षिका. मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "कुंदा, तुले लिहिता येते. तू लिहून दे माह्यासाठी. मी सांगतो, तू लीही."

आमच्याकडच्या बाया 'मी सांगतो' असंच म्हणतात, आणि मी घरात तसंच म्हणत असे.

ती सांगू लागली. सकाळी नळावर काय झालं, मुली जेवल्या तेव्हा काय वाढलं होतं, मग बाईंनी कशी हाक मारली. उडदाचं पीठ, लाटणं, पापड. मी मान हलवत होते, पण खरं सांगायचं तर माझं अर्धंच लक्ष होतं. पहिलं वाक्य माझ्या डोक्यात तयार होऊ लागलं होतं. इतक्या मोठ्या कामाला माझी भाषा लागणार या आनंदानं मी फुगले होते. उडदाचं पीठ माझ्या वहीत बसणारं नव्हतं. आणि अधीक्षिकाबाईंचं नाव घेऊन तक्रार करणं मला असभ्य वाटलं. सुशिक्षित माणसं सूचित करतात, सांगत नाहीत, असं मी शिकले होते.

तीन दिवस लावून मी खुलासा लिहिला. त्यातला मधला भाग मला अजून पाठ आहे: "माझ्या शुष्क जीवनाच्या वाळवंटात या निरागस कळ्यांचे हास्य हीच एकमेव हिरवळ. वात्सल्याच्या निर्झरिणीने त्यांना न्हाऊ घालणे हेच माझे व्रत. त्या अभागी दुपारी कर्तव्याच्या दुसऱ्या एका हाकेने मला क्षणभर दारास पारखे केले, आणि नियतीने आपला डाव साधला." मावशीला वाचून दाखवला.

"माह्यासारखी बाई असं बोलन काय वं?"

"लिहिताना असंच लिहितात मावशी."

"अन् पापडाचं?"

"ते आलं त्यात. 'दुसरी हाक' म्हटलं ना."

"असं," ती म्हणाली. तिला फक्त सही येत होती. दातांत जीभ धरून, प्रत्येक अक्षराला थांबत, तिनं माझ्या त्या सुंदर कागदाखाली आपलं नाव लिहिलं. तिनं माझ्यावर विश्वास टाकला होता, आणि मला त्याचं ओझं वाटलं नाही. आज ते आठवलं की मला स्वतःचा राग येतो तो याच जागी.

चौकशीच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. संस्थेच्या कार्यालयात लांब टेबल होतं, त्यामागे तिघं. मधे अध्यक्ष म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका, पांढरं पातळ, नाकावर घसरलेला चष्मा. दोन्ही बाजूंना संस्थेचे दोन सभासद. बाजूच्या खुर्चीवर अधीक्षिकाबाई, मांडीवर पर्स. मावशी उभीच राहिली. मी तिच्या मागे, भिंतीला टेकून. अध्यक्षबाईंनी खुलासा मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि मला वाटलं आता त्या थांबतील, वर पाहतील, विचारतील हे कुणी लिहिलं. त्या थांबल्या. वर पाहिलं.

"निर्झरिणी म्हणजे काय हो अनसूयाबाई?"

मावशीनं त्या कागदाकडे पाहिलं.

"तुमच्या खुलाशात आहे म्हणून विचारते."

"माहीत नाही बाई."

"मग हे कुणी लिहिलं?"

मावशीनं मागे न पाहता माझ्याकडे हात केला. "या पोट्टीनं लिहिलं. माह्या शेजारची आहे. कालेजात जाते."

डावीकडचे सभासद हसून म्हणाले, "म्हणजे शिकवून आणलेलं आहे सगळं." अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर बोट ठेवलं आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. 'मला क्षणभर दारास पारखे केले.' मग सावकाश म्हणाल्या, "याचा अर्थ तुम्ही दार सोडलं होतं, हे तुम्हाला कबूल आहे."

"मी नाही सोडलं, मले..."

"इथं तसं लिहिलं आहे. खाली तुमची सही आहे."

अधीक्षिकाबाईंनी पर्सची कडी उघडली आणि मिटली. तो बारीक आवाज मला स्वच्छ ऐकू आला. ज्या वाक्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला होता, पाच वेळा खोडून लिहिलं होतं, त्याच वाक्यानं मावशीची नोकरी जात होती. तिनं तोंडानं सांगितलं असतं तर ती वाचली असती. माझ्या लिहिण्यानं तिचा गुन्हा कबूल करून टाकला होता.

मी भिंत सोडून पुढे आले. "मॅडम, चूक माझी आहे. त्यांनी मला नीट सांगितलं होतं, मी नीट लिहिलं नाही."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून मला पाहिलं. "काय शिकता तुम्ही?"

"मराठी, मॅडम."

"हं. या दोन पानांत त्या दुपारी काय घडलं ते कुठंही नाही. तुम्हाला दिसतंय का ते?" मी मान डोलावली. त्या दोन्ही सभासदांशी हळू आवाजात बोलल्या. मग म्हणाल्या, "उद्या अकरा वाजता दुसरा जबाब आणा. नाही आणलात तर हाच धरला जाईल."

परत येताना रिक्षात मावशी एक शब्द बोलली नाही. रागावली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. गल्लीच्या तोंडाशी उतरल्यावर फक्त म्हणाली, "भूक लागली असंन तुले. चल." घरी मायनं सगळं ऐकलं आणि मला जे बोलायचं ते बोलली. ते इथं लिहीत नाही, पण बाबांनी माग थांबवून आत डोकावलं एवढं सांगते.

जेवणं झाली. मावशीनं सूप पुढे ओढलं आणि तांदूळ निवडायला घेतले. मी समोर पाट टाकून बसले, कागद मांडीवर. "सांग मावशी. आता मी काहीच नाही करत. तू सांग, मी लिहितो."

पहिल्या वाक्यालाच अडलं. तिनं 'मले' म्हटलं आणि माझ्या हातानं आपोआप 'मला' लिहिलं. चार ओळी झाल्यावर मी वाचून दाखवलं. तांदळातला हात थांबला. "मी 'मला' म्हटलं काय?"

"नाही. पण लिहिताना..."

ती पुन्हा खडे वेचू लागली, पण मी ते 'लिहिताना' पुढे नेऊ शकले नाही. सकाळीच त्या शब्दानं काय केलं होतं ते दोघींना माहीत होतं. मी कागद बदलला आणि 'मले' लिहिलं. सांगते, तो एक शब्द लिहायला मला जेवढा जोर लावावा लागला तेवढा पुढे अख्ख्या कादंबरीला लागला नाही. भर वर्गात पुन्हा उभं राहिल्यासारखं वाटलं. पण एकदा लिहिल्यावर पुढचं सोपं गेलं. ती एक वाक्य बोले, दोन-चार खडे टाके, पुढचं बोले. मधेच तिला नवऱ्याची आठवण झाली, वसतिगृहातल्या जुन्या आयेशी झालेलं भांडण आठवलं, ते मी ऐकलं पण उतरवलं नाही. कुठलं त्या दुपारचं आणि कुठलं नाही, हे मला तिला विचारावं लागलं नाही.

एका ठिकाणी मात्र विचारलं. पुष्पानं त्या दिवशी सकाळी कुहीच्या गाडीची चौकशी तिच्याकडेच केली होती आणि ती कुठून मिळते ते तिनं सांगितलं होतं. मी पेन वर धरला. "मावशी, हे लिहू? हे तुझ्यावर उलटेल."

"लीही."

"त्यांना माहीत नाही हे. पुष्पानं सांगितलं नसेल."

"मले माहीत आहे ना," ती म्हणाली. "झालं ते झालं. लीही."

जबाब सव्वा पानाचा झाला. त्याची माझ्या हातची कच्ची प्रत माझ्याकडे राहिली. ती अशी:

"मी अनसूया. मी होस्टेलात आया आहो. त्या दिवशी सकाळी पुष्पा नळावर आली. मले पुसे, मावशी, कुहीची गाडी कुठून भेटते? मी तिकडचीच आहो म्हून तिनं मले पुसलं. मी सांगतलं. पोट्टीले घरची याद आली असंन असं मले वाटलं. ती जाईन असं नाही वाटलं. दुपारी पोट्ट्या जेवल्या. मी दारावर बसली. बाईनं हाक मारली. म्हने, अनसूया, पापडाचं पीठ भिजवून ठेवलं आहे, सुकून जाईन, चल लाटून दे. मी म्हटलं, दारावर कोन पाहीन? बाई म्हने, मी आहो ना. मी बाईच्या क्वार्टरात गेली. उडदाचे पापड होते. तीन विसा अन् पाच लाटले. वापस आली तं दार लोटलं होतं, कडी नव्हती. बाई आपल्या खोलीत पेपर वाचून राहिली होती. मी पोट्ट्या मोजल्या. एक कमी भरली. मी पुन्हा मोजल्या. मंग मी बाईले सांगतलं. बाई म्हने, तू दार सोडून काहून गेली?"

इथं ती थांबली. मी आणखी एक वाक्य घातलं, 'आता हा कुठला न्याय, हे आपणच सांगावे.' वाचून दाखवलं तर म्हणाली, "हे मी कधी म्हटलं?" मी ते खोडलं. लिहिता लिहिता शेवटी असं एखादं वाक्य घालण्याची खोड मला अजून आहे. अजून खोडते.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तेच टेबल, तीच माणसं. अध्यक्षबाईंनी कागद हातात घेतला, पहिली ओळ मनात वाचली, मग एकदा मावशीकडे पाहिलं आणि सुरुवातीपासून मोठ्यानं वाचू लागल्या. त्यांचं स्वतःचं बोलणं अगदी आमच्या सरांसारखं होतं, पण 'मले' त्यांनी 'मले'च वाचलं. कुणी हसलं नाही. 'तू दार सोडून काहून गेली?' यापाशी त्या थांबल्या, कागद उलटून मागे काही आहे का पाहिलं. मागे काही नव्हतं.

अध्यक्षबाई अधीक्षिकांकडे वळल्या. "पापड लाटवून घेतलेत?"

"मॅडम, अगदी थोडे. दहा मिनिटांचं काम..."

"पासष्ट पापड दहा मिनिटांत होत नाहीत. मीही लाटते." मग मावशीला, "मुलीला गाडीचं का सांगितलंत?"

"पुसलं म्हून सांगतलं."

"हे तुम्ही लिहिलं नसतं तर आम्हाला कळलं नसतं."

"हो बाई."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. उजवीकडचे सभासद, जे दोन दिवसांत एकदाही बोलले नव्हते, ते म्हणाले, "अनसूयाबाई खोटं बोलत नाहीत हे दिसतंच आहे."

निकाल आठवड्यानं आला. मावशीची नोकरी राहिली. गाडीची माहिती दिल्याबद्दल तिला लेखी समज मिळाली, आणि दारावरच्या आयेला खाजगी कामाला नेऊ नये असा नियम झाला. अधीक्षिकाबाईंना काही झालं नाही. त्या तिथंच राहिल्या आणि वर्षभर मावशीशी एक शब्द बोलल्या नाहीत. मावशीनं त्याबद्दल तक्रार केल्याचं मला आठवत नाही. निवृत्त होईपर्यंत, आणखी अकरा वर्षं, ती त्याच दारावर बसली.

आता मला तरुण मुलं-मुली विचारतात, तुमची शैली कशी घडली. प्रश्न चांगला असतो, पण त्यांना ऐकायचं असतं ते काहीतरी धुक्यासारखं. मी त्यांना पापडांची गोष्ट सांगते. काहींना वाटतं मी म्हणते आहे की बोलता तसं लिहा. तसं नाही. त्या दुपारी मावशी तासभर बोलली होती आणि मी सव्वा पान लिहिलं. काय सोडायचं ते मी ठरवलं होतं, आणि ते मला जमतं हे मला त्याच दुपारी कळलं. माझी शब्दांची वहीही वाया गेली असं मी मानत नाही. दोन वर्षं शब्द तोंडात घोळवल्यामुळेच 'मला' आणि 'मले' यांतला फरक माझ्या कानाला बोचला. फक्त, सुंदर वाक्यामागे एखादा माणूस कसा गायब होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर वाक्य लिहिलं की मी स्वतःला विचारते, याखाली कुणी सही केली तर ते त्याला महागात पडेल का?

बी.ए. झाल्यावर मी पहिली कथा लिहिली. एका आयेची नव्हती, आमच्या गल्लीतल्या रंगाऱ्याच्या बायकोची होती. निवेदन साधं, आणि माणसं बोलतील तशी. सरांना दाखवली. त्यांनी प्रत्येक 'मले'खाली लाल रेघ ओढली. मी म्हटलं, "सर, ती बाई बोलते आहे." ते म्हणाले, "साहित्यात बाईसुद्धा साहित्याची भाषा बोलते." मला त्यांना पटवता आलं नाही, त्यांना मला. पण कथा परत देताना म्हणाले, "तुमचा निश्चय दिसतो." त्यांच्याबद्दल माझा आदर कमी झाला नाही.

ती कथा मी सीताबर्डीवरच्या एका मासिकाकडे पाठवली. दोन महिन्यांनी संपादकांचं कार्ड आलं, कथा स्वीकारली आहे, भेटून जावे. मी गेले. ते टेबलावर माझीच कथा घेऊन बसले होते. चहा मागवला. कथेचं मनापासून कौतुक केलं, आणि मग हस्तलिखित माझ्याकडे सरकवलं. त्यांनी निळ्या पेन्सिलीनं सगळे संवाद बदलले होते. 'काहून'चं 'का', 'मले'चं 'मला', 'करून राहिली'चं 'करत होती'. काम नीटनेटकं होतं, एकही जागा सुटली नव्हती. "बाकी एका अक्षराला हात लावला नाही," ते म्हणाले. "पुढच्या अंकात घेतो. आमचा अंक पुण्या-मुंबईलाही जातो, तिथल्या वाचकाला अडायला नको."

मी पहिलं पान वाचलं. रंगाऱ्याची बायको बोलत होती आणि ती मला कुठलीच वाटेना.

"हे असंच राहू देता येणार नाही का? मी लिहिलं तसं?"

"अहो, संपादन करावंच लागतं."

"मग मला कथा परत द्या."

त्यांनी कप खाली ठेवला. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "एवढ्यासाठी? पहिली कथा आहे तुमची."

"हो, एवढ्यासाठी."

ते माझ्याशी वाईट वागले नाहीत. पाकीट दिलं, दारापर्यंत आले, म्हणाले, विचार बदलला तर या. मला तेव्हा दुसरं एकही मासिक ओळखत नव्हतं. ती कथा पुढे छापून यायला सव्वा वर्ष लागलं, आणि ती अमरावतीच्या एका छोट्या अंकात आली, जशीच्या तशी. पण त्या दुपारी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पाकीट छातीशी धरून मी सीताबर्डीपासून घरापर्यंत चालत आले. रिक्षा करायचं सुचलंच नाही. ऊन होतं, रस्त्याच्या कडेला संत्रीवाल्यांच्या पाट्या लागल्या होत्या, आणि मला वाईट वाटत नव्हतं. मी ते दोन-तीनदा मनाशी तपासूनही पाहिलं.

माय चुलीपाशी होती. पाटवड्यांचा रस्सा उकळत होता, तर्री वर आली होती.

"काय म्हने वं तुहा संपादक?"

"परत आणली कथा."

"काहून? पसंत नाही पडली?"

"त्यांना पडली. त्यांनी बाईचं बोलणं बदललं, ते मले नाही पडलं."

मायनं रस्सा ढवळला. तिनं माझी एकही ओळ कधी वाचली नव्हती. "बदलवू नये त्यानं," ती म्हणाली. "हात धू. जेवून घे."

मी हात धुतले आणि पाटावर बसले. त्या दिवशी मी दोनदा भात घेतला.